गर्भ राखणारी गोळी

पुन्हापुन्हा गर्भ गळतो, कारण सापडत नाही; अशा स्त्रीला रिकाम्या हाताने परत पाठवणे डॉक्टरांना जड जाते. डाएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या औषधाचा इतिहास याच अवघडलेपणातून घडला. हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ साली लंडनला चार्ल्स डॉड्स यांनी सिद्ध केले. त्याचे पेटंट घेतले गेले नाही, म्हणून ते स्वस्तही झाले. १९४८ मध्ये बोस्टनच्या ऑलिव्ह आणि जॉर्ज स्मिथ या दांपत्याने त्याने गर्भपात टळतो असा निर्वाळा दिला. तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट मात्र नव्हता.

१९५३ साली शिकागोच्या विल्यम डीकमान यांनी सुमारे १,६०० गरोदर स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या जणींना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. लाभ शून्य! तरी अमेरिकेत ते गर्भवतींना दिले जातच राहिले; १९७१ मध्ये या मातांच्या तरुण मुलींत योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग दिसला, तेव्हा कुठे इशारा निघाला.

आता चर्चा ऑक्सिडेटिव्ह ताणाची आहे. आरंभीच्या आठवड्यांत वारेला प्राणवायू बेताचाच मिळतो. मातेचे रक्त तिथे अकाली शिरले तर पेशींना इजा होते. उपपत्ती पटणारी आहे. स्मिथ दांपत्याचीही होती. म्हणून अँटिऑक्सिडंट गोळ्यांची शिफारस वाचताना मला २०१५ची प्रोजेस्टेरॉनची चाचणी आठवते: औषध घेणाऱ्या ६५.८ टक्के स्त्रियांची कूस उजवली, आणि पोकळ औषध घेणाऱ्या ६३.३ टक्के स्त्रियांचीही.