लोखंड तपासणारा आवाज डोळ्यापर्यंत कसा पोहोचला

डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली की ती परत येते. कडा जितका लांब, तितका उशीर. ही गोष्ट गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दवाखान्यात पेन्सिलीएवढी एक नळी बुबुळाला टेकवतात आणि पडद्यावर उंच उंच रेघा उमटतात, त्यामागे हेच साधे तत्त्व आहे. पण ते तिथवर पोहोचले कसे, हा प्रवास मोठा गमतीचा आहे. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असल्या प्रवासांची मला भारी ओढ. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात झाली फ्रान्समध्ये. पिअर क्यूरी आणि त्याचा भाऊ जाक यांना १८८० साली आढळले की स्फटिकासारख्या काही खड्यांवर दाब दिला तर वीज निर्माण होते. उलट, वीज दिली की खडा किंचित आकुंचन-प्रसरण पावतो, म्हणजे थरथरतो, हेही पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. झाले, कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारे तोंडही मिळाले आणि तो ऐकणारा कानही! पहिल्या महायुद्धात पॉल लांजेव्हँ या शास्त्रज्ञाने असाच स्फटिक वापरून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्याचे यंत्र तयार केले.

समुद्रातून हा आवाज कारखान्यात शिरला. लोखंडाचा ओतीव तुकडा वरून गुळगुळीत दिसतो, पण आत भेग असली तर? तुकडा फोडून पाहावा तर तो वाया जाणार. आवाज आत सोडला तर भेगेच्या पृष्ठभागावर आपटून तो लवकर परत येईल, असा विचार रशियात सोकोलोव्ह यांनी १९२८ च्या सुमारास मांडला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फायरस्टोन यांना १९४२ साली अशा यंत्राचे पेटंट मिळाले.

आता इथून माणसाच्या शरीराकडे. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले ते ऑपरेशन करून काढलेल्या गाठी बरोबर घेऊन. धातूतल्या भेगा शोधणारे यंत्र त्यांनी त्या गाठींवर लावून पाहिले. पाणी भरलेली गाठ कोणती आणि भरीव कोणती, हे यंत्राने वेगवेगळे दाखवले. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, अमेरिकेत मुंट आणि ह्यूज यांनी डोळ्यातल्या प्रतिध्वनींवरचा निबंध प्रसिद्ध केला. मग फिनलंडचे ओक्साला आले. १९५८ साली बॉम आणि ग्रीनवूड यांनी नुसत्या रेघांऐवजी डोळ्याचे आडवे चित्रच काढून दाखवले. मात्र त्यासाठी रोग्याचा डोळा पाण्याखाली ठेवावा लागे. हातात धरून पापणीवर टेकवायची नळी आली ती १९७० नंतर, ब्रॉन्सन यांच्यामुळे.

डोळा हा या कामाला जणू घडवलेलाच. लहानसा, पाणीदार आणि एकामागे एक स्वच्छ पडदे असलेला. बुबुळ, भिंगाची पुढची बाजू, मागची बाजू, शेवटी दृष्टिपटल. प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा आवाज परत येतो. सेकंदाला सुमारे एक कोटी कंपने असलेला हा आवाज साडेतेवीस मिलिमीटरच्या डोळ्यातून जाऊन परत यायला सेकंदाचा तीस दशलक्षांश भाग पुरतो.

पण लांबी मोजायची कशाला? आमच्या लहानपणी मोतीबिंदू काढलेली माणसे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावत. माझ्या आत्याला तो चष्मा लावल्यावर ताटातली वाटी जिथे दिसे तिथे नसे. डोळ्यात कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवले ते लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी, १९४९ साली. भिंग बसले, पण त्याची शक्ती इतकी जास्त निघाली की रुग्ण बाईंना उणे अठराच्या आसपासचा नंबर आला. भिंग बसवणे एक आणि योग्य भिंग निवडणे दुसरे. डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर सुमारे अडीचने चुकतो. नळीचा बुबुळावर जरा दाब पडला तरी लांबी कमी भरते. म्हणून ती धरणारा हात हलका हवा. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे नाव सगळे घेतात, या हाताचे कोणी घेत नाही.

१९९९ पासून प्रकाशाने लांबी मोजणारी यंत्रे आली. ती डोळ्याला स्पर्शही करत नाहीत आणि अधिक अचूक असतात. मग जुनी नळी अडगळीत गेली का? नाही. प्रकाश पिकलेल्या मोतीबिंदूच्या पार जाऊ शकत नाही, आवाज जातो. आणि मोतीबिंदू पिकेपर्यंत कोण थांबते? ज्यांना दवाखाना लांब, पैसा कमी आणि सोबतीला कोणी नाही, ते. सुगी होऊ दे, नातीचे लग्न होऊ दे, म्हणत दिवस ढकलणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांच्यासाठी आजही तोच लोखंड तपासणारा आवाज कामी येतो. नवे यंत्र आले म्हणून जुने मोडीत काढताना हे विसरून चालणार नाही.

देवाणघेवाण अजूनही चालू आहेच. स्टॅनफर्डच्या क्वेट आणि लेमन्स यांनी १९७४ च्या सुमारास आवाजाने पाहणारा सूक्ष्मदर्शक बनवला, तो पदार्थांचे पृष्ठभाग तपासायला. १९९० च्या सुमारास टोरांटोत पाव्हलिन आणि फॉस्टर यांनी सेकंदाला पाच कोटी आणि त्याहून अधिक कंपनांचा आवाज वापरून डोळ्याच्या पुढच्या भागाची अतिशय बारीक चित्रे मिळवली.

मात्र याच आवाजाने गर्भातली मुलगीही 'शोधली' गेली. ते थांबवायला महाराष्ट्राला १९८८ साली आणि देशाला १९९४ साली कायदा करावा लागला. यंत्राला नीती नसते, ती वापरणाऱ्याने आणावी लागते.

असो. तुमच्या घरात कोणी आजी "अजून पिकला नाही" म्हणून थांबली असेल, तर तिला आता थांबवू नका. मोतीबिंदू पिकायची वाट पाहण्याचे दिवस केव्हाच संपले.