हवामान परिषद कुणाच्या जमिनीवर भरते?

जगभरचे नेते हवामान बदलावर एकत्र बसतात, याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. १९९२ मध्ये रिओला हवामान करार झाला नसता, तर बुडत चाललेल्या छोट्या बेटांना जाब विचारायला जागाच मिळाली नसती. प्रश्न वेगळा आहे. यजमान कोण, आणि यजमानपदाची किंमत कोण मोजतो?

२०२३ ची परिषद दुबईत भरली. अध्यक्ष होते सुलतान अल जाबेर, म्हणजे अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख. २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात परिषद झाली, तेव्हा ॲमेझॉनच्या जंगलातून काढलेल्या चौपदरी रस्त्यावरून वाद पेटला. रस्त्याचा परिषदेशी संबंध नाही, असा खुलासा तिथल्या राज्य सरकारने केला. खुलाशाने झाडे परत येत नाहीत.

आपला इतिहासही तपासू. ऑक्टोबर २००२ मध्ये आठवी हवामान परिषद दिल्लीत भरली. त्याच दिवसांत मच्छीमार, शेतकरी आणि आदिवासींनी शहरात स्वतःची हवामान न्याय परिषद घेतली. हवामानाचा प्रश्न हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच मांडले. पण निर्णयाच्या टेबलावर त्यांना खुर्ची नव्हती.

मे २०२३ मध्ये जी-२० चा पर्यावरण व हवामान गट मुंबईत आला. जुहूच्या किनाऱ्यावर साफसफाई झाली आणि बैठका बीकेसीत. हे बीकेसी मिठी नदीकाठच्या पाणथळ जागेत भराव टाकून उभे राहिले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाणी कुणाच्या घरात शिरले, ते कुर्ल्याच्या वस्त्यांना विचारा. याच जी-२० साठी डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईतल्या रस्त्याकडेच्या झोपड्या पडद्यांआड झाकल्या गेल्या. गरिबी हटली नाही, फक्त पाहुण्यांच्या नजरेआड गेली.

आता मोरा बंदरापासून पनवेल खाडीपर्यंतचा आपला किनारा पाहा. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, खारफुटी गेली, दहा गावे उठवली. उद्या मुंबईत हवामानाची परिषद भरली, तर पाहुणे याच धावपट्टीवर उतरतील आणि खाडीत मासळी का कमी झाली, यावर भाषणे देतील. खाडीवर जगणारा आगरी-कोळी माणूस आणि भूमिहीन दलित मजूर त्या सभागृहात असेल का?

साथींनो, याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क कृतीतून सांगितला. तोच निकष इथे लावायचा. हवा, पाणी, खाडी ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्याबद्दलचा निर्णय तिच्यावर जगणाऱ्यांना वगळून होत असेल, तर ती नवी अस्पृश्यताच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी २०२८ ची परिषद भारतात घेण्याचा प्रस्ताव मांडला. परिषद इथे भरो वा न भरो, आपली मागणी आजच ठरवू. यजमान शहराने किती खारफुटी तोडली, किती वस्त्या हलवल्या आणि किती जणांचे पुनर्वसन केले, याचा हिशेब आधी जाहीर करा. तो मांडताना विस्थापितांना समोर बसवा. स्वागताच्या कमानी नंतर उभारा.

जय भीम!