फाळक्यांची खरेदी

मानेसरला राहायला आल्यापासून 'तुमचे हे कुठे असतात?' या प्रश्नाला मी एकच उत्तर ऐकत आले आहे: फॅक्टरीत. गाड्यांची, गाड्यांच्या सुट्या भागांची, कुठली ते पुढे विचारलं तर कळतं. मी घरी बसून भाषांतरं करते, तेव्हा मला कोणी विचारत नाही. रविवारी गच्चीवर चार घरं जमतात आणि बोलणं हमखास दोनच गोष्टींवर येतं, नवीन काय पाहिलं आणि नवीन काय घेतलं. सिनेमाबद्दलचं मत एका वाक्यात आटोपतं, फोनबद्दलचं अर्धा तास चालतं.

गेल्या महिन्यात माझ्याकडेही सांगण्यासारखं काही होतं. जेवणाच्या डब्याएवढा एक प्रोजेक्टर घेतला. चित्र बरं पडतं, उजेड असला की फिकटतं, आतला पंखा मात्र गिरणीसारखा वाजतो. पहिल्या रात्री भिंतीवर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावला, परेश मोकाशींचा २००९ सालचा. मी तो पूर्वी पाहिला होता, पण फॅक्टऱ्यांच्या गावात त्याचं नाव नव्यानं ऐकू आलं. सिनेमात काम करणं तेव्हा अब्रूदार माणसाला शोभत नसे, म्हणून फाळके आपल्या नटांना सांगत, कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा. नंदू माधव छान, विभावरी देशपांडे त्याहून छान. तक्रार एकच. सिनेमा फार हसरा आहे. फाळक्यांच्या घरात जे चाललं होतं, ते इतकं हसत झालं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी फाळक्यांचे 'नवयुग' मासिकातले १९१७-१८ सालचे लेख पुन्हा काढले. त्यांत मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिल्याची हकीकत आहे. साल ते स्वतः १९१० देतात, काही चरित्रकार १९११ चा ईस्टर धरतात. मराठीत 'मी एक सिनेमा पाहिला आणि मला असं वाटलं' या प्रकारचं याहून गाजलेलं लेखन नाही. आणि गंमत अशी, की त्या प्रसिद्ध परिच्छेदात सिनेमाबद्दल जवळजवळ काहीच नाही. काम कोणी केलं, कोणतं दृश्य जमलं, कुठे कंटाळा आला, यातलं काही नाही. डोळ्यांपुढे ख्रिस्त सरकत होता आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या, एवढंच. पाहिलेल्या सिनेमावरचं मत म्हणजे न पाहिलेल्या सिनेमाची ऑर्डर. घरी येऊन त्यांनी वस्तूंचा विचार सुरू केला.

हा माणूस मुळात यंत्रांचा वेडा. बडोद्याच्या कलाभवनात शिकला, गोध्र्याला फोटोग्राफी केली, छापखाना काढला, तीनरंगी छपाईची यंत्रं पाहायला १९०९ साली जर्मनीला गेला. ('गॅजेट'ला मराठी शब्द मी अनेकदा शोधला आहे. 'उपकरण' प्रयोगशाळेतलं, 'यंत्र' कारखान्यातलं. घरातली माणसं ज्याला 'खेळणं' म्हणतात ते बहुधा जास्त जवळचं.) त्यांनी एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं घेतली, मेणबत्तीचा उजेड भिंगावर पाडून रात्री भिंतीवर चित्रं दाखवली. रोज तासन्‌तास सिनेमे पाहिले. शेवटी डोळे गेले. उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परतली, पण मध्यंतरी काही काळ ते आंधळे होते. एका स्नेह्याला त्यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यावंसं वाटलं होतं असं सांगतात.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे 'बायस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना, कॅबर्न यांना, गाठलं. त्यांनी आधी या भानगडीत पडू नका असं सांगितलं आणि नंतर सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओची वाट दाखवली. फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र घेतलं, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि एप्रिलच्या सुरुवातीला परतले. माल मे महिन्यात आला. पैसेवाल्यांना पटवण्यासाठी कुंडीत वाटाणे पेरून त्यांच्या कोंबाची वाढ टिपली. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली आणि कर्ज मिळालं.

हे वेड त्यांच्या एकट्याचं नव्हतं. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं एक रुपया तिकिटाला दाखवली गेली. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तिथे दर चार आण्यांपासून होते आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स होते. फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावे दादांनी, ती चित्रं पाहिल्यावर विलायतेहून एकवीस गिनींचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा घरीच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीनं तो पुरा केला. सिनेमा आवडला हे या माणसांनी कुणाला सांगितलं असेल नसेल, त्यांची मतं पावत्यांत आणि पत्र्याच्या कामात आहेत.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीचं काम ग्रँट रोडजवळच्या एका खाणावळीतल्या साळुंके नावाच्या आचाऱ्यानं केलं. आता माझ्या गच्चीवरच्या मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. तिथला प्रेक्षक दोन आण्यांत सहा तासांचं नाटक पाहणारा, तो दीड तासासाठी तीन आणे का देईल? थिएटरवाला म्हणाला, दर उतरवा नाहीतर खेळ लांबवा. फाळक्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. कथेचा उल्लेख नाही, सत्याचा नाही, राजाचाही नाही. आज फोनच्या खोक्यावर मेगापिक्सेल लिहितात, तसं ते आकड्यांवर विकलं गेलं, आणि लोक आले.

मी हिशेब करून पाहिला. चित्रपटाची लांबी सुमारे ३७०० फूट सांगतात. फुटाला सोळा चित्रं, म्हणजे एकोणसाठ हजारांच्या आसपास. फोटोंचा आकडा खरा आहे. दोन मैल ही मात्र शुद्ध थाप. ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही.

मग दुसरा हिशेब सुचला. कोडॅकची ती फिल्म कोरी यायची, कडेची भोकं घरी पाडावी लागत. एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे आठ. सत्तावन्न हजार गुणिले आठ, चार लाख छप्पन्न हजार. ही फक्त निगेटिव्हची. दाखवायच्या प्रतीची फिल्म वेगळी. आणि हे सगळं अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्मला लागणारी रसायनं त्या मिसळत, आणि दादरच्या मथुरा भवनात चित्रीकरण चाललं असताना साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच रांधत. पैशांची गरज पडली तेव्हा दागिने त्यांचेच गेले.

लंडनहून आलेलं ते भोकं पाडायचं यंत्र कसं होतं? दांडा जड होता का, रात्री हात दुखत का, फिल्म मध्येच सरकायची का? फाळक्यांच्या घरात त्या यंत्रावर सर्वांत जास्त तास बसलेल्या व्यक्तीचं मत मला नवयुगात सापडलं नाही. फाळके बायकोचे उपकार मानतात, मनापासून मानतात. तिला यंत्र कसं वाटलं, ही निराळी गोष्ट. भाषांतर करताना मला हीच सवय लागली आहे, वाक्यात कोण बोलतं यापेक्षा ज्याच्याबद्दल बोललं जातं तो का बोलत नाही हे पाहण्याची. इथे मी अडकून बसले. मोकाशींच्या सिनेमातली सरस्वतीबाई उत्साही, मिस्कील, नवऱ्याच्या बरोबरीनं नवलानं पाहणारी आहे. तशी असेलही. पण चार लाखांच्या पुढे भोकं पाडणाऱ्या बाईला कधीतरी त्या यंत्राचा वीट आला असेल, असं मी धरून चालते.

तिसऱ्या रात्री भिंतीवर 'राजा हरिश्चंद्र'चा उरलेला भाग लावला. तो १९१३ चा की १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. खाली शेजारच्या वहिनी आल्या होत्या, दहा मिनिटं उभ्यानं पाहिलं. सिनेमाबद्दल त्यांचं मत एका शब्दात आलं: हळू आहे. मग प्रोजेक्टर उचलून उलटा-सुलटा करून पाहिला, किंमत विचारली, पंखा एवढा वाजतो तर परत का केला नाही म्हणाल्या. मी सांगितलं, मुदत परवाच संपली.