निळे धुके आणि एक चुकलेला निष्कर्ष

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना वेन्ट हे नाव नवे नाही. ओटच्या कोंबाचा शेंडा कापून आगरच्या तुकड्यावर ठेवायचा आणि मग तो तुकडा कोंबावर एका कडेला बसवायचा, की कोंब वाकतो. ऑक्झिनचा हा प्रयोग फ्रिट्स वेन्ट यांचा, १९२०च्या दशकातला. आपल्या पाठ्यपुस्तकात वेन्ट तिथेच संपतात. पण पुढे अमेरिकेत गेलेल्या या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० साली 'नेचर'मध्ये वेगळाच प्रश्न मांडला. उन्हाळ्यात दूरच्या दाट झाडीच्या डोंगरांवर, जिथे ना गिरणी ना धुराडे, तिथे निळसर धुके का दिसते? त्यांचे उत्तर असे : झाडे टर्पीनसारखे उडून जाणारे पदार्थ हवेत सोडतात. हवेत त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. जगभरची झाडे असे साडेसतरा कोटी टन पदार्थ दरवर्षी सोडत असावीत, असा अंदाजही त्यांनी केला. तेव्हा तो अनेकांना भरमसाट वाटला असेल. प्रत्यक्षात तो कमीच ठरला.

कारण एकट्या आयसोप्रीनचाच आकडा आज सुमारे पन्नास कोटी टन धरला जातो. आयसोप्रीन म्हणजे नैसर्गिक रबराच्या साखळीतला एकेक दुवा. पाच कार्बन, आठ हायड्रोजन आणि दोन दुहेरी बंध. पाने तो सोडतात हे जॉर्जियातील गिवी सानाद्झे यांनी १९५७ मध्ये दाखवले होते. उष्ण कटिबंधातील जंगले त्याचा सर्वांत मोठा स्रोत आहेत.

मग या आयसोप्रीनपासून कण बनतात का? कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत १९९१ मध्ये बंद कक्षात प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की नेहमीच्या हवेत बनत नाहीत. तर्कही पटण्यासारखा होता. रेणू लहान, त्यापासून होणारे फॉर्माल्डिहाइडसारखे पदार्थही वायुरूपच राहणारे. पुढची दहा-बारा वर्षे बहुतेकांनी हे मान्य केले.

उलटा पुरावा आला तो ॲमेझॉनच्या जंगलातून. ब्राझीलमधील बाल्बिना येथे गाळणकागदावर हवेतले कण गोळा केलेले होते. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाच्या माग्डा क्लेस आणि सहकाऱ्यांनी त्यांचे पृथक्करण केले. गॅस क्रोमॅटोग्राफच्या नळीतून हायड्रॉक्सिल गटांनी भरलेले रेणू नीट बाहेर पडत नाहीत, म्हणून आधी ते गट सिलिकॉनयुक्त अभिकारकाने झाकावे लागतात. असे केल्यावर पूर्वी कोणाला न दिसलेली दोन संयुगे सापडली, दोन्ही मेथिलटेट्रॉल. ही बातमी २००४ मध्ये 'सायन्स'मध्ये आली.

हे फळ्यावर काढून पाहावे. आयसोप्रीनच्या दुहेरी बंधांत गुंतलेले कार्बन चार. त्या प्रत्येकावर एकेक हायड्रॉक्सिल गट बसवा, की मेथिलटेट्रॉल तयार. कार्बनचा सांगाडा तोच, फांदीही तिथेच. फरक पडतो तो गुणधर्मात. आयसोप्रीन ३४ अंश सेल्सियसला उकळते. मेथिलटेट्रॉल मात्र हायड्रोजन बंधांमुळे सहज उडत नाही, कणांवर चिकटून बसते. तीन हायड्रॉक्सिल गटांचे ग्लिसरीन बाटली उघडी राहिली तरी उडून जात नाही, हे आपण पाहतोच. क्लेस यांच्या अंदाजाने अशी सुमारे वीस लाख टन संयुगे दरवर्षी तयार होतात. आयसोप्रीनच्या मानाने हा वाटा नगण्य, पण वनस्पतिजन्य पदार्थांपासून बनणाऱ्या कणांचा तेव्हाचा एकूण अंदाज ८० लाख ते ४ कोटी टन होता, हे लक्षात घेता बराच.

२००५-०६ मध्ये कॅलटेकच्याच गटाने आयसोप्रीनपासून कक्षात कण बनवून दाखवले. आधीच्यांना दोष देण्याचे कारण नाही. नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण बदलले की अभिक्रियेची वाटच बदलते.

हे कण ढगांची बीजे आहेत. २००८च्या पावसाळ्यात मानाउस शहराच्या उत्तरेस केलेल्या मोजणीत (ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली) एक मायक्रॉनहून लहान कण मुख्यतः अशाच सेंद्रिय द्रव्यांचे आढळले. २०१२ मध्ये त्यांच्या गाभ्याशी पोटॅशियमचे क्षारही सापडले, तेही जंगलातल्या सजीवांनीच सोडलेले. म्हणजे ज्या पावसावर जंगल जगते, त्याच्या थेंबांची बीजे बरीचशी जंगलच पुरवते. जंगल तोडले तर केवळ सावली जात नाही.

आणखी एक गुंता २०१९ मध्ये पुढे आला. मानाउसचा धूर वाऱ्याबरोबर जंगलावर जातो, तेव्हा तिथल्या ऑक्सिडीकरणाचा वेग वाढतो आणि झाडांच्याच वायूंपासून बनणारे कण सरासरी ६० ते २०० टक्क्यांनी वाढतात. त्यातला कार्बन बहुतांशी झाडांचा असतो, पण तो कणांत आणणारी हवा शहरातून आलेली असते.