जुन्या दूरचित्रवाणी-यंत्रांचा जीर्णोद्धार

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजीं बीबीसीचें नियमित दूरचित्र-प्रक्षेपण सुरू झालें. युद्धामुळें १ सप्टेंबर १९३९ रोजीं तें थांबलें व ७ जून १९४६ रोजीं पुन्हां आरंभलें. त्या काळचीं यंत्रें इंग्लंडांतील हौशी मंडळी आज मोठ्या निष्ठेनें दुरुस्त करितात. मेणकागदी कंडेन्सर बहुधा निकामी झालेले असतात. कित्येक जण त्यांचें जुनें कवच राखून आंत नवा कंडेन्सर बसवितात. यास जीर्णोद्धार म्हणावें कीं वेषांतर?

शिवाय ४०५ रेषांचें प्रक्षेपण १९८५ सालीं कायमचें बंद झालें. म्हणून आजचें चित्र रूपांतरक यंत्रानें त्या रेषांत उतरवून द्यावें लागतें. युद्धपूर्व कार्यक्रम तर बहुतेक प्रत्यक्ष सादर होत व मुद्रित न होतांच विरून जात. पात्र उरलें, जल सांडलें.

तरीही हा उद्योग आम्हांस व्यर्थ वाटत नाहीं. अंधाऱ्या खोलींत, लहानशा कांचेवर थरथरणारें चित्र पाहिल्यावांचून त्या प्रेक्षकांचें नवल कोणत्याही ग्रंथावरून कळणार नाहीं. मात्र बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद यंत्रासोबत ठेवावी. एरव्हीं पुढील इतिहासकार त्या कवचासच पुरावा मानून फसेल.