आसनसंख्या आणि उपस्थिती : अमेरिकन विद्यापीठांच्या बास्केटबॉल क्रीडागृहांचा एक अभ्यास

विद्यापीठाच्या वास्तूंचा इतिहास लिहिताना ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि सभागृह यांना प्रथम स्थान मिळते. क्रीडागृहाचा उल्लेख झालाच तर तो परिशिष्टात होतो. त्यातही बांधकामाचे वर्ष, झालेला खर्च आणि आसनांची संख्या एवढीच माहिती बहुधा दिलेली असते. वस्तुतः आसनांची संख्या ही केवळ मोजदाद नव्हे. किती लोकांनी यावे, कोणी यावे आणि आलेल्यांपैकी पुढे कोणी बसावे, याविषयी संस्थेने घेतलेला निर्णय त्या आकड्यात साठलेला असतो. अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे; कारण तेथे हा निर्णय मोठ्या प्रमाणावर आणि पुनःपुन्हा घेतला गेला. नव्या क्रीडागृहातील आसनांची वाटणी ते कोणाच्या बळावर उभे राहिले यावर बहुतांशी ठरत गेली, आणि ती वाटणी ध्यानात घेतल्यावाचून प्रेक्षकांच्या उपस्थितीचा अर्थ लागत नाही, असे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

हा खेळ जन्मास आला तेव्हा प्रेक्षकांचा विचार मुळीच झालेला नव्हता. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ यांनी हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून त्याची आखणी केली. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू झाले. पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास ठोकण्यात आल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, आणि तीच उंची आजतागायत कायम आहे. पुढे सज्जात बसलेले प्रेक्षक हात बाहेर काढून चेंडू अडवू अथवा वळवू लागले, तेव्हा त्यांच्या हस्तक्षेपास आळा घालण्यासाठी टोपलीमागे बोर्ड बसविण्यात आला. ज्या बोर्डावाचून आज हा खेळ कल्पिताही येत नाही, तो मुळात प्रेक्षकास खेळापासून दूर ठेवण्यासाठी आलेला आहे. प्रेक्षक हवा, परंतु किती जवळ हवा, हा प्रश्न अशा रीतीने खेळाच्या प्रारंभापासूनच त्यास चिकटलेला दिसतो.

या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विद्यापीठांनी व्यायामशाळा सोडून स्वतंत्र क्रीडागृहे बांधावयास घेतली. फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे ‘पॅलेस्ट्रा’ १ जानेवारी १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा सुमारे दहा हजार लोक जमले होते. परंतु आसनसंख्येमागील हिशेब अधिक स्पष्टपणे दिसतो तो इंडियाना राज्यातील बटलर विद्यापीठाच्या क्रीडागृहात. मार्च १९२८ मध्ये तेथे पहिला सामना झाला आणि त्यात बटलरने नोत्र दामचा जादा वेळेत २१-१३ असा पराभव केला. आसने पंधरा हजार. एका लहान विद्यापीठास एवढ्या जागेची काय गरज होती, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचे उत्तर विद्यापीठाच्या पटावर सापडत नाही. बांधकामाचा भार इंडियानापोलिसच्या व्यापाऱ्यांनी व उद्योजकांनी उचलला होता, आणि राज्यातील माध्यमिक शाळांच्या अजिंक्यपद स्पर्धेचे अंतिम सामने तेथे भरावयाचे होते. अर्थात ती आसने बटलरच्या विद्यार्थ्यांसाठी नसून साऱ्या इंडियाना राज्यासाठी होती. १९५४ साली अवघे १६१ विद्यार्थी असलेल्या मायलन या खेड्यातील शाळेने मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२-३० असे हरविले, ते याच छपराखाली. आणि पुढील वर्षी इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स या कृष्णवर्णीयांच्या शाळेने राज्याचे अजिंक्यपद मिळविले, तेही येथेच. महाविद्यालयाच्या नावाने उभी असलेली वास्तू अशा प्रकारे राज्याचा सार्वजनिक चौक बनली होती.

कॅन्सस विद्यापीठाचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथे बांधणारा हात शासनाचा होता. नायस्मिथ १८९८ मध्ये लॉरेन्स येथे आले व तेथेच स्थायिक झाले. त्यांचे शिष्य फॉरेस्ट ॲलन यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून मोठी कीर्ती मिळविली. परंतु त्यांचा संघ १९२७ पासून हॉक सभागृहात खेळत असे, जे मूलतः व्याख्याने व संगीत यांसाठी बांधलेले होते आणि जेथे सुमारे साडेतीन हजार माणसेच मावत. नव्या क्रीडागृहाचे काम १९५२ मध्ये सुरू व्हावयाचे होते. कोरियातील युद्धामुळे त्या काळी पोलादावर निर्बंध होते व करमणुकीच्या इमारतींना ते मिळणे कठीण झाले होते. तेव्हा ही इमारत शस्त्रागार म्हणूनही वापरली जाईल, असे दाखवून आणि आराखड्यात तशा खोल्या घालून अनुमती मिळविण्यात आली. १ मार्च १९५५ रोजी ‘ॲलन फील्डहाउस’चा समर्पणसोहळा झाला. कॅन्ससने कॅन्सस स्टेटचा ७७-६७ असा पराभव केला आणि उपस्थिती १७,२२८ इतकी नोंदविली गेली. आसनसंख्या १७,००० सांगितली जात होती. उपस्थिती आसनांपेक्षा अधिक असणे ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु ज्या इमारतीत बसण्यासाठी लाकडी बाके असतात, तेथे माणसाने किती जागा व्यापावी हे शेजारी बसणाराच ठरवितो. खुर्चीवर क्रमांक असतो, बाकावर नसतो. आसनसंख्येचा आकडा इमारतीच्या कागदपत्रांतून आणि उपस्थितीचा आकडा प्रवेशद्वारावरून येतो, आणि या दोहोंच्या मागे माणसे मोजण्याच्या दोन निराळ्या रीती असतात, हे येथे ध्यानात येते.

तथापि कोण किती जागा व्यापतो याच्याही आधीचा प्रश्न कोणास आत येऊ दिले जाते हा आहे. त्यासाठी उत्तर कॅरोलायना राज्यातील डरहॅम शहराकडे वळले पाहिजे. ड्यूक विद्यापीठाचे ‘इन्डोर स्टेडियम’, ज्यास १९७२ पासून एडी कॅमेरन यांचे नाव आहे, ६ जानेवारी १९४० रोजी प्रिन्स्टनविरुद्धच्या सामन्याने उघडले. त्या वेळी आसने ८,८०० होती आणि सुमारे आठ हजार लोक उपस्थित होते. या विद्यापीठाच्या वास्तूंची आखणी फिलाडेल्फियाच्या ज्या वास्तुशिल्पी पेढीने केली, तिचे प्रमुख रचनाकार ज्युलियन एबेल हे कृष्णवर्णीय होते. त्यांच्या वंशाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांस मात्र ड्यूकमध्ये १९६३ पर्यंत प्रवेश नव्हता.

याच शहरात कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजचा संघ जॉन मॅक्लेंडन शिकवीत होते. मॅक्लेंडन हे कॅन्ससमध्ये नायस्मिथ यांचे विद्यार्थी. १९३६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. परंतु वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघात त्यांना खेळता आले नव्हते. १२ मार्च १९४४ रोजी, एका रविवारी सकाळी, ड्यूकच्या वैद्यकीय विद्यालयाचा गौरवर्णीय संघ मॅक्लेंडन यांच्या महाविद्यालयात गुप्तपणे आला. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे असा सामना खेळणे धोक्याचे होते, म्हणून व्यायामशाळेची दारे आतून बंद करण्यात आली. मॅक्लेंडन यांच्या संघाने ८८-४४ असा विजय मिळविला. हा सामना अधिकृत नोंदीत आला नाही आणि त्याची हकीकत १९९६ पर्यंत सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध झाली नाही. उपस्थितीच्या कोष्टकात या दिवसाला जागाच नाही. परंतु त्या काळी त्या शहरातील आसने कोणाची होती, हे कळण्यास या रिकाम्या व्यायामशाळेइतका बोलका पुरावा दुसरा नाही. इतिहासकाराने भरलेल्या आसनांप्रमाणेच बंद दारांचीही नोंद घेतली पाहिजे, ती यासाठी.

डरहॅमपासून थोड्याच अंतरावर चॅपल हिल येथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आहे. तेथील ‘कारमायकेल’ क्रीडागृह १९६५ मध्ये सुरू झाले. त्यात सुमारे दहा हजार लोक बसत आणि प्रतिपक्षास तेथील गोंगाट दुःसह वाटत असे. डीन स्मिथ यांच्या संघाची कीर्ती वाढली, तिकिटांची मागणी आसनांच्या कितीतरी पुढे गेली, आणि नवे क्रीडागृह खासगी देणग्यांतून बांधण्याचे ठरले. देणगीदारांना त्यांच्या देणगीच्या मोबदल्यात खालच्या भागातील उत्तम आसनांचा हक्क मिळाला. १८ जानेवारी १९८६ रोजी ड्यूकविरुद्धच्या सामन्याने ते उघडले. नॉर्थ कॅरोलायनाने ९५-९२ असा विजय मिळविला. आसने २१,४४४, म्हणजे आधीच्या दुपटीहून अधिक. शासनाच्या तिजोरीवर भार न टाकता एवढी इमारत उभी राहिली, ही गोष्ट लहान नव्हे. उपस्थितीच्या बाबतीतही हे क्रीडागृह वर्षानुवर्षे देशातील पहिल्या काहींत राहिले.

परंतु विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य वरच्या मजल्यावर गेले. मैदानालगत जे बसले ते प्रौढ, सुस्थितीतील आणि शांत स्वभावाचे होते. १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा खेळाडू सॅम कॅसेल याने येथील प्रेक्षक ‘वाइन आणि चीज’वाली मंडळी असल्याचा शेरा मारला, आणि तो त्या क्रीडागृहास कायमचा चिकटला. तिकडे ड्यूकच्या जुन्या इमारतीत नेमकी उलट व्यवस्था होती. मैदानाला भिडलेली बाके विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांच्या खुर्च्या वर. आसने ९,३१४, म्हणजे चॅपल हिलच्या निम्म्याहून कमी. तरीही त्या क्रीडागृहाचा दरारा अधिक मानला गेला. १९८६ पासून तेथील विद्यार्थी महत्त्वाच्या सामन्यापूर्वी कित्येक दिवस तंबू ठोकून राहू लागले. दोन शेजारी संस्थांमधील हा फरक प्रेक्षकांच्या उत्साहाचा अथवा निष्ठेचा म्हणता येत नाही. चॅपल हिलच्या विद्यार्थ्यांची निष्ठा कमी नव्हती. ते दूर बसलेले होते.

या विधानास एक प्रत्यक्ष पडताळाही मिळाला. जानेवारी २००० मध्ये त्या प्रदेशात मोठे हिमवादळ झाले आणि मेरिलंडविरुद्धच्या सामन्यास गावाबाहेरचे अनेक तिकीटधारक येऊ शकले नाहीत. पायी चालत आलेल्या विद्यार्थ्यांना खालच्या आसनांवर बसू देण्यात आले. प्रेक्षक नेहमीपेक्षा थोडे होते. गजर मात्र त्या इमारतीत क्वचितच ऐकू आला असेल असा होता. त्यानंतर लवकरच एका बाजूच्या टोपलीमागे विद्यार्थ्यांना उभे राहता येईल अशी पायऱ्यांची जागा करण्यात आली. उपस्थिती कमी आणि परिणाम अधिक, हे समीकरण एका रात्रीपुरते का होईना सर्वांनी पाहिले. अर्थात देणगीदारांचा हक्क कराराने मिळालेला असल्यामुळे ती व्यवस्था मुळापासून बदलणे शक्य नव्हते. ज्यांच्या पैशावाचून इमारतच झाली नसती, त्यांना मागे सरकण्यास सांगणे कोणत्याही संस्थेस सोपे नाही, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

एकविसाव्या शतकात आसनसंख्या वाढविण्याची ओढ ओसरलेली दिसते. बटलरचे क्रीडागृह, ज्याला १९६६ मध्ये टोनी हिंकल यांचे नाव देण्यात आले, दुरुस्त्यांच्या ओघात पंधरा हजारांवरून सुमारे नऊ हजारांवर आले. टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिन येथील जुने, सुमारे साडेसोळा हजार आसनांचे अर्विन केंद्र सोडून २०२२ मध्ये ‘मूडी सेंटर’ उघडले. संगीताच्या कार्यक्रमांना तेथे पंधरा हजारांहून अधिक लोक बसू शकतात. बास्केटबॉलसाठी मात्र वरचा भाग झाकून आसने सुमारे दहा हजार सातशे ठेवली आहेत, आणि विद्यार्थ्यांना मैदानालगत जागा दिली आहे. नवे क्रीडागृह जुन्यापेक्षा लहान असावे, ही कल्पना १९२८ च्या इंडियानापोलिसमध्ये कोणास पटली नसती. दूरचित्रवाणीवर सामना घरबसल्या दिसू लागल्यावर रिकामी आसने संस्थेस शोभेनाशी होतात, आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले विद्यार्थी हाच त्या चित्राचा पार्श्वभाग बनतो, हे त्यामागील एक उघड कारण होय. विद्यार्थ्यांना पुढची जागा परत मिळाली. ती हक्क म्हणून मिळाली की देखाव्याचा भाग म्हणून, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

या विवेचनावरून संशोधकाने काही सावधगिरी बाळगावी असे सुचते. क्रीडागृहाची आसनसंख्या उद्धृत करताना ती कोणत्या वर्षीची आणि बाकांची की खुर्च्यांची, हे सांगितले पाहिजे. कारण बाके जाऊन खुर्च्या आल्या की इमारत तीच राहून आकडा घटतो. उपस्थितीचा आकडा देताना तो विकलेल्या तिकिटांचा की दारातून आत आलेल्या माणसांचा, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत जाहीर होणारे आकडे पुष्कळदा पहिल्या प्रकारचे असतात, आणि हिमवादळाच्या रात्री या दोहोंत किती अंतर पडू शकते हे आपण पाहिलेच. याखेरीज, आसनांचा नकाशा उपलब्ध असेल तर तो संख्येच्या शेजारी ठेवून वाचावा. इंडियानापोलिसमध्ये नगरातील व्यापारी, लॉरेन्समध्ये शासन आणि चॅपल हिलमध्ये देणगीदार यांनी इमारत उभी केली, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा अधिकार आसनांच्या रांगांत उमटला. विद्यार्थी या तिन्ही ठिकाणी निमित्त होता. इमारत त्याच्या नावाने झाली, तिच्यात त्याची जागा मात्र प्रत्येक वेळी नव्याने ठरवावी लागली. विद्यापीठाचा इतिहास हा शेवटी त्याच्या विद्यार्थ्यांचा इतिहास असेल, तर क्रीडागृहाच्या नकाशावर विद्यार्थ्याची रांग कोठे आहे हे शोधणे ही त्या इतिहासाची गौण बाब मानता येणार नाही.