६५ म्हणजे कोणत्या सालचे ६५?

परवा न्यू जर्सीहून चुलतभावाची मेल आली. सोबत चार फोटो. काकांना जाऊन वर्ष झालं, आता त्यांचा नाण्यांचा डबा तिघा भावंडांत वाटायचाय. त्यातली दोन नाणी दिसायला जुळी. दोन्ही मॉर्गन डॉलर, दोन्ही १८८१ चे, दोन्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतले. एकासोबत १९८१ सालचा कागदी दाखला आहे, त्यावर दर्जा एमएस-६५. दुसरं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, डबी १९८८ च्या सुमाराची, त्यावर एमएस-६४. भावाने लिहिलं होतं, "६५वालं ताईला, ती मोठी. ६४ मला. बरोबर ना?"

म्हटलं, थांब रे बाबा, घाई करू नकोस. मग फोनवर तासभर जे बोललो ते इथे लिहून ठेवतोय. घरातल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी हे ६५ आलं कुठून? विल्यम शेल्डन नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांचा वेडा. १९४९ साली त्याने त्या नाण्यांवर पुस्तक लिहिलं आणि १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. ती मुळात किमतीची पट्टी होती, म्हणजे ७० दर्जाचं नाणं १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. बाजारभावाने ते गणित लवकरच मोडलं, पण आकडे मात्र चिकटून राहिले, आणि पुढे सेंटांपुरते न राहता सगळ्या नाण्यांना लागले. (थोडं विषयांतर: हा शेल्डन १९७७ साली वारला. नंतर उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले शंभराहून जास्त सेंट त्याने लांबवले होते. चांगलं नाणं उचलायचं आणि त्याच्या जागी त्याच प्रकारचं आपलं हलकं नाणं ठेवायचं! प्रकरण कोर्टात गेलं. ज्याच्या पट्टीने जग नाणी मोजतं त्याचाच हात असा. असो.)

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ साली एएनएसीएस ही सेवा सुरू केली तेव्हा प्रश्न दर्जाचा नव्हताच, खऱ्या-खोट्याचा होता. साध्या १८९३ च्या डॉलरवर बारीकसा 'एस' चिकटवला की सॅन फ्रान्सिस्कोचं दुर्मिळ नाणं तयार. त्या वर्षी तिथे अवघे एक लाख डॉलर पाडले होते, त्यामुळे असल्या उद्योगाला भरपूर वाव. दर्जा सांगायला सुरुवात १९७९ मध्ये झाली. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो असलेला कागद मिळायचा, आणि नाणं सुटंच परत यायचं.

आता इथे गोम आहे. असोसिएशनचं दर्जाचं पुस्तक सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीत न वापरलेल्या नाण्यांना पायऱ्या तीनच: ६०, ६५ आणि ७०. ७० म्हणजे निर्दोष, जवळपास न सापडणारं. म्हणजे जरा बरं नाणं आलं की त्याला ६५ शिवाय जागा कुठे होती? मधल्या पायऱ्या हळूहळू आल्या. १९८६ पर्यंत ६० ते ७० मधला प्रत्येक आकडा वापरात आला होता. शिवाय १९८० च्या सोन्या-चांदीच्या तेजीनंतर बाजाराची नजर कडक झाली. पूर्वीचं ६५ आता ६३ म्हणून विकलं जाऊ लागलं. नाणी तीच होती, पट्टी सरकली होती.

१९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी सुरू झाल्या. एकापेक्षा जास्त तपासनीसांनी बघायचं, मग नाणं प्लास्टिकमध्ये सीलबंद करायचं आणि वर हमी द्यायची. ह्या डबीला स्लॅब म्हणतात (आपल्या बिल्डरचा नव्हे). कागद एका नाण्याचा आणि नाणं दुसरंच, ही भीती त्यामुळे बरीच कमी झाली. पण स्लॅब म्हणजे काही वेदवाक्य नाही. १९९० मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या वस्तुनिष्ठ दर्जाच्या जाहिरातींवरच आक्षेप घेतला होता. दर्जा हे शेवटी मतच, जाणकाराचं असलं तरी.

तरीही ऐंशीच्या दशकातल्या स्लॅबमधलं नाणं दिसलं की आज संग्राहक थोडे जास्त पैसे मोजायला तयार होतात, कारण तेव्हाचे तपासनीस हात आखडता ठेवून आकडे देत अशी समजूत आहे. समजूत बऱ्याच अंशी खरी असावी. मला मात्र एक शंका येते. आकडा कमी पडलाय असं ज्यांना वाटलं, त्यांनी केव्हाच डब्या फोडून नाणी परत तपासायला पाठवली. मग जुन्या डब्यांत उरली ती कोणती? वाढीव आकडा मिळेल असं कुणालाच न वाटलेली, किंवा काकांसारख्यांच्या कपाटात पडून राहिलेली. काकांची डबी दुसऱ्या प्रकारची, म्हणून तिचं महत्त्व.

आणि नावावर जाऊ नका. १९९० मध्ये असोसिएशनने एएनएसीएस विकून टाकली. नंतर मालकही बदलले आणि गावंही बदलली, नाव मात्र तेच. म्हणून दाखला हातात आला की मी आधी साल बघतो, मग आकडा.

खरं-खोटं ठरवण्यात जुने कागद जास्त टिकाऊ, असं माझं मत. १९८१ चं खरं नाणं आज खोटं होत नाही. पण हे नाणं तेच आहे ना, हे आपणच बघायचं. भावाला म्हटलं, दाखल्यावरच्या फोटोतले लिबर्टीच्या गालावरचे ओरखडे भिंगाने जुळवून बघ. त्याने बघितले, जुळले. पण फोटो कृष्णधवल. मधल्या काळात कुणी नाणं घासूनपुसून चकचकीत केलं असेल तर तो कागद काय बोलणार?

(आपल्याकडे सराफ रुपया पारखून त्याच्यावरच बारीक खूण ठोकायचे. त्या खुणेची आणि रुपयाची ताटातूट कधीच होत नसे. आज त्याच खुणेमुळे त्या रुपयाचा भाव उतरतो, ती गोष्ट वेगळी.)

शेवटी भावाला सांगितलं, दोन्ही आकडे कागदाने झाका, एकाच दिव्याखाली नाणी ठेवा आणि तिघांनी बघा. रविवारी फोन आला. तिघांनाही ६४वालंच उजवं वाटलं. आता ताई म्हणते ते तू घे, हा म्हणतो तू घे. धाकटी म्हणाली, मग नाणेफेक करा.

करा म्हटलं, पण खिशातल्या क्वार्टरने.